आरसा नसलेला कॅमेरा

९ सप्टेंबर, मंगळवार

बुकिंगच्या डायरीत जुलैपासून ऑक्टोबरपर्यंतची पानं दरवर्षी कोरी राहतात. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणजे आमच्या धंद्याला उपास. यंदा ती पानं वाया घालवायची नाहीत. एका प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत यात लिहायचं ठरवलंय. प्रश्न असा, की जुना डीएसएलआर ठेवायचा की मिररलेस घ्यायचा?

जुन्यात तिरपा आरसा असतो. त्यावरून उजेड उडून थेट डोळ्यात येतो. नवरी मला खरीखुरी दिसते, खिडकीतून पाहावी तशी. मिररलेसमध्ये आरसाच नाही. डोळ्यापाशी इवलासा टीव्ही बसवलेला, त्यात नवरीचं चित्र. तीस वर्षं लग्नं काढून मी आता टीव्ही पाहत बसू?

दयाराम म्हणतो, बसा. दयाराम साहू माझा अठरा वर्षांपासूनचा जोडीदार, इथलाच छत्तीसगढी, व्हिडिओ त्याचा आणि फोटो माझे. मे महिन्यात त्याने मिररलेस घेतला आणि तेव्हापासून नव्या सुनेसारखं त्याचं कौतुक चाललंय. "भैया, एमा फोकस के चिंताच नइ हे. आँखी ल खुदे धर लेथे." समोरच्याचा डोळा कॅमेरा आपणच पकडतो म्हणे. मग मी कशाला आहे तिथे? आजकालच्या पोरांचे फोटो हुकले की म्हणतात कॅमेरा जुना. नाचता येईना अंगण वाकडं.

तरी घाई आहे, आणि ती पिंकीमुळे. माझ्या मोठ्या भावाची, शामरावदादाची मुलगी. दादा कोरोनात गेला. त्याच्या स्वतःच्या लग्नाचा एकही फोटो नाही. त्या फोटोग्राफरने रोल उजेडात उघडला आणि सगळं लग्न धुऊन निघालं. वहिनी अजून त्याला शिव्या घालते. पिंकीचं लग्न १४ डिसेंबरला ठरलं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, एक क्षण सुटणार नाही. आमच्या बौद्ध पद्धतीत लग्न अर्ध्या तासात होतं. फेरे नाहीत, पहाटेपर्यंत चालणारे विधी नाहीत. हुकलं की हुकलं.

आणि गेल्या महिन्यात माझे दोन कार्यक्रम हुकलेत. हे इथेच लिहितो, कुठे बोलणार नाही. बारशाला आईच्या डोळ्यावर धरलेला फोकस तिच्या कानावर लागला. एकदा नाही, चाळीस वेळा. कानातलं झुमकं इतकं स्वच्छ की सोनाराला दाखवावं, आणि चेहरा धुक्यात.

१३ सप्टेंबर

तात्यापाऱ्यातला स्टुडिओ आज अर्धा दिवस बंद ठेवून तपासणी केली. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, कॅमेरा स्टँडवर लावला. अक्षर न् अक्षर स्वच्छ आलं. हातात घेऊन माणसाचा फोटो काढला की बिघडतं.

मग एक नवीनच गोष्ट सापडली. फाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या काचेतून, दाराची चौकट पाहिली तर मधोमध पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली. फोटो काढून कॉम्प्युटरवर पाहिला, चौकट सरळ. म्हणजे कॅमेरा चित्र सरळ घेतो, फक्त मला दाखवताना वाकडं दाखवतो. दोष आरशात, नाहीतर त्याच्या वरच्या काचेत. चोर सापडला! किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. गेले पंधरा दिवस मला वाटत होतं की हातच गेला माझा.

१९ सप्टेंबर

चेतना ऑफिसातून आली ती शुगरचा रिपोर्ट घेऊनच. बायको सरकारी कचेरीत बाबू असली की घरातसुद्धा फाइल चालते.

"दोनशे चाळीस. गोळ्या खाऊन राहिले ना तुमी?"

"खाऊन राहिलो."

"आणि डोळे? डॉक्टरीणबाईनं दरसाली दाखवा म्हटलं होतं. तीन साल झाले. एक डाव जाऊन या ना."

"दूरचं सगळं दिसते मले. तुह्या केसातला पांढरा केसही दिसते."

हसली नाही. खरं तर तिचं बरोबर आहे, पण सीझनच्या तोंडावर डोळ्यात थेंब टाकून दिवसभर आंधळ्यासारखं बसायला कोणाला वेळ आहे? जानेवारीत जाईन. फाइंडरच्या बाजूला एक बारीक चाक असतं, चष्म्याच्या नंबरासारखं. ते फिरवलं की चित्र डोळ्याला जुळतं. आज ते अजून दोन घरं फिरवलं आणि बरंच स्वच्छ दिसायला लागलं. फुकटात नंबर काढून झाला.

दुपारी दयाही तेच म्हणाला. "भैया, एक बार आँखी देखा लेतेव." चेतनाने फोन केला असणार. मी त्याच्याशी तीन दिवस बोलणार नाही.

२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत भनपुरीच्या विहारात. वहिनी, पिंकी, चेतना, मी. पिंकीने हौसेने कॅमेरा मागितला आणि डोळ्याला लावून लगेच काढला.

"काका, इसमें तो कुछ दिख ही नहीं रहा. सब धुंधला है."

पाहिलं तर चाक शेवटच्या टोकाला. पुढे जायला जागाच नाही. मी तिच्यावरच ओरडलो, "तूनं फिरवलं! कशाले हात लावते?" पोरगी मागे सरली. दहा आठवड्यांनी नवरी व्हायची आणि विहाराच्या पायऱ्यांवर डोळे पुसत बसली. नंतर मी तिला जिलबी आणून दिली. तिने खाल्ली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

तिनेच फिरवलं असेल. मी इतकं फिरवलेलं मला आठवत नाही.

११ ऑक्टोबर

कॅमेरा दुरुस्तीहून परत आला. सोबत चिठ्ठी: आरसा, काच, फोकस सगळं ठीक, दोष आढळला नाही. उघडूनसुद्धा पाहिला नसेल मेल्यांनी. चौकट अजून वाकडीच आहे, उलट जास्त. आता मधला भाग थोडा करडाही दिसतो, काचेवर बोट लागल्यासारखा. मऊ कापडाने पुसली, ब्लोअरने हवा मारली. जात नाही.

मिररलेसकडे मन झुकतंय. आरसाच नाही तर आरशाचा दोष कुठून येणार? हे कारण मी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना सांगतो की क्लायंटला व्हिडिओही हवा असतो.

६ नोव्हेंबर

काल चंद्राकरांकडची सगाई झाली. सीझनचा पहिला कार्यक्रम, पुरानी बस्तीतलं जुनं घर, मोठं कुटुंब. लग्न फेब्रुवारीत, तेही आपल्याकडेच. यांचं काम नीट झालं तर त्या गल्लीतली चार घरं हातात येतात.

मला दिवसभर घाम फुटत होता. अंगठी घालताना मुलीच्या डोळ्यावर धरलं, पण फोकसचा लाल ठिपका मला सापडेना. मधोमध असतो तो, आणि मधोमधच सगळं पुसट. अंदाजाने काढले. पूर्वी शंभर काढायचो तिथे चारशे काढले, एखादा तरी लागेल म्हणून.

वर दयाराम! सारखा माझ्या खांद्याशी. व्हिडिओचा कॅमेरा स्टँडवर सोडून देतो आणि दुसरा घेऊन माझ्या मागे उभा. दोनदा धक्का लागला. "दया, माझ्या फ्रेममध्ये काहून येऊन राहिला?" विचारलं तर "नइ भैया" म्हणून दोन पावलं मागे, आणि परत पुढे. कार्यक्रम संपल्यावर माझं मेमरी कार्ड मागून घेतलं. "आप थके हो भैया, घर जाओ. मैं छाँट देता हूँ." अठरा वर्षांत फोटो निवडायचं काम त्याने कधी मागितलं नव्हतं.

१० नोव्हेंबर

सगाईचे फोटो पाहिले. मी उगाच घाबरत होतो! दयाने दोनशे निवडून ठेवलेत आणि एकसुद्धा हुकलेला नाही. त्यातला एक तर मी गेल्या दहा वर्षांत काढला नसेल असा. चंद्राकरांची म्हातारी आई, नातीच्या हातातली अंगठी दातांनी खरी-खोटी पाहतेय आणि डोळे मिटून हसतेय. तोंडात तीन दात. हा कधी काढला ते आठवत नाही, पण हात आपलं काम करून जातो, डोक्याला कळायच्या आत. अनुभव म्हणतात तो हाच.

तो मोठा करून फ्रेम केला, खाली कोपऱ्यात "प्रफुल्ल फोटो" टाकलं आणि चंद्राकरांना भेट दिला. एक प्रत स्टुडिओच्या काचेत लावली. चेतनाला दाखवली तर कितीतरी वेळ पाहत राहिली. "दयाराम भैया होते का तिथं?" म्हणाली. बायकोने आधी नवऱ्याचं कौतुक करावं, बाकीची चौकशी मग.

१७ नोव्हेंबर

एका पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, आज फोनवर म्हटलं, "दयाराम भैया भी फोटो बहुत अच्छी लेते हैं." त्यांना काय माहीत? कोणी दाखवले? डोक्यात किडा शिरलाय.

स्टुडिओच्या पायरीवरून पडलो. शेवटची पायरी आहे असं वाटलं नाही. गुडघा खरचटला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज घडलं ते आजच लिहून ठेवतो.

कॉम्प्युटरवर एक फाइल शोधताना "दया" नावाचं फोल्डर दिसलं. उघडलं. सप्टेंबरपासूनचे सगळे कार्यक्रम. माझेच कार्यक्रम, माझ्याच जागेवरून, मी ज्या क्षणी बटन दाबलं त्याच क्षणी काढलेले. हजारो. कानामागून आली आणि तिखट झाली. अठरा वर्षं मी याला शिकवलं, आणि हा माझ्या खांद्यावरून स्वतःचा धंदा उभा करत होता.

दया आला तेव्हा दुकानात एक पार्टीही बसली होती. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

"मेरी ही दुकान में बैठके अपनी दुकान बना रहा था? ये क्या है?"

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पार्टीकडे पाहिलं आणि मिटलं.

"बोल ना! चोर के जैसा चुप क्यों है?"

"का बोलंव भैया." काय बोलू, एवढंच. दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली, हेल्मेट उचललं आणि गेला. जाताना दार अलगद लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

२४ नोव्हेंबर

चेतना दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलतेय. "त्याईले विचारलं का तुमी, काहून काढले ते फोटो?" विचारायचं काय त्यात? हातच्या काकणाला आरसा कशाला?

२९ नोव्हेंबर

एकट्याने एक लग्न केलं. व्हिडिओला भाड्याचा माणूस. फोटोंबद्दल आज लिहीत नाही.

३ डिसेंबर

लिहितो. सहाशेपैकी सत्तर बरे. नवरीच्या बापाने फोन करून विचारलं, "भैया, बाकी फोटो कब आएँगे?" मी म्हटलं, छाँट रहा हूँ. अकरा दिवसांवर पिंकीचं लग्न. आत्ताच्या आत्ता निर्णय. हा आरसा मला बुडवणार.

११ डिसेंबर

मिररलेस आला! दुकानदाराकडून शोकेसमधला पीस घेतला, नवीन यायला वेळ होता. चेतनाला गॅलरीत उभं करून काढले. चेहऱ्यावर एक छोटा चौकोन येतो आणि डोळ्याला गोचिडीसारखा चिकटतो. ती हलली तरी सोडत नाही. वीस काढले, वीसही लागले, पापणीचा केस न् केस. मी गॅलरीत ओरडलो, "माझी चूक नव्हती! आरसाच होता!" शेजारचे बाहेर आले.

चेतना म्हणाली, "मंग आता खुश?" तिच्या आवाजात खुशी नव्हती.

फक्त फाइंडर मधोमध जरा धुरकट आहे. तीनदा पुसला. शोकेसमध्ये शंभर लोकांनी डोळा लावलेला, तेल बसलं असणार.

१५ डिसेंबर, सोमवार

काल पिंकीचं लग्न झालं. जसं घडलं तसं लिहितो.

भनपुरीचं समाज भवन. स्टेजवर पांढरा पडदा, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, दोन्ही बाजूंना पांढऱ्या कापडात गुंडाळलेले पाइपचे खांब. गळ्यात नवा कॅमेरा आणि दुसऱ्या खांद्यावर जुना, अडीअडचणीला म्हणून. चेतनाने दयारामला बोलावलं होतं, मला न विचारता. चौथ्या रांगेत बायकोसोबत बसला होता, पायांशी कॅमेऱ्याची बॅग. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

साडेअकराला पिंकी आली. पांढरी साडी, निळी किनार. भंतेजींनी सगळ्यांना उभं केलं आणि वंदना सुरू झाली. मी नवा कॅमेरा डोळ्याला लावून आधी पूर्ण स्टेज घेतलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मूर्तीच्या बाजूचा खांब मधोमध वाकलेला होता.

कॅमेरा खाली घेतला. खांब सरळ. परत लावला. वाकडा, पोट सुटलेला, तसाच. मला काही कळेना. यात तर आरसाच नाही! मग मी जुना कॅमेरा उचलून त्यातून पाहिलं. तोच खांब, त्याच जागी, तेवढाच वाकडा. दोन कॅमेरे, एकात आरसा आणि एकात टीव्ही, आणि दोघं मला एकच खोटं कसं सांगतील?

तीस वर्षांत पहिल्यांदा मी कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला.

खांब सरळ होता. काठीसारखा सरळ.

सगळे त्रिशरण म्हणत होते. पंचशील झालं की लगेच प्रतिज्ञा, मग हार. फार तर सात-आठ मिनिटं होती. डाव्या डोळ्याने काढता आलं असतं का? कदाचित. नवा कॅमेरा चेहरे आपणच धरतो. पण डाव्या डोळ्याने मी आजवर एकही फोटो काढलेला नव्हता. दादाचा तो धुतला गेलेला रोल आठवला. मी आणखी एक मिनिट स्वतःची इज्जत सांभाळत उभा राहिलो असतो तर दादाच्या पोरीचंही तेच झालं असतं.

मी चौथ्या रांगेत गेलो. सगळे हात जोडून उभे. दयाच्या पुढ्यात कॅमेरा धरला.

"दया. तू काढ."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझा कॅमेरा घेतलाच नाही, बॅगेतून स्वतःचा काढला. तयारच होता, बॅटरी घातलेली, लेन्स लावलेली. वाकून, कोणाला अडथळा न करता तो पुढे गेला आणि मी नेहमी उभा राहतो त्याच जागी उभा राहिला.

मी भिंतीला टेकून रिकाम्या हातांनी लग्न पाहिलं. पिंकीने हार घालताना वर पाहिलं, मला शोधलं, तिथे दया दिसला. मग मी दिसलो. मी हात हलवला. मला रडू येत होतं आणि लोकांना वाटलं पुतणीसाठी रडतोय.

१७ डिसेंबर

डोळ्यांचा दवाखाना. चेतनाने सुट्टी टाकली. डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा झाकून एक चौकटींचा कागद दाखवला. मधल्या चौकटी खड्ड्यात पडल्यासारख्या खचलेल्या. मी बोलायच्या आधीच त्यांना कळलं.

"शुगर से परदे पे सूजन है. कब से है?"

"एक महिना," मी म्हणालो. चेतना माझ्याकडे पाहत राहिली.

डोळ्यात इंजेक्शनं द्यायची, दर महिन्याला. सूज उतरेल. पण जे गेलं ते सगळं परत येणार नाही. डाव्यात आत्ता कुठे सुरुवात आहे, तो वाचेल. "दो-तीन महीने पहले आते तो बात और थी," म्हणाल्या. अगदी सहज. रोजच म्हणावं लागत असेल त्यांना.

घरी येऊन ही डायरी सुरुवातीपासून वाचली. १३ सप्टेंबर. स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, चोर सापडला. दोन डोळे उघडे ठेवून फिरायचो तेव्हा डावा सगळं सांभाळून घेत होता. कॅमेरा लावला की उजवा एकटा पडायचा, म्हणून दोष नेहमी कॅमेऱ्यात. चेतनाने सांगितलं, दयाने सांगितलं, पिंकीने तर दाखवून दिलं. मी आरसा बदलत बसलो. भीती वाटत होती मला, दुसरं काय? फोटोग्राफरने डोळे दाखवायला जायचं म्हणजे स्वयंपाक्याने जीभ दाखवायला जाणं.

२० डिसेंबर

काल पहिलं इंजेक्शन झालं. आज डाव्या डोळ्याने कॉम्प्युटरसमोर बसलो. प्रत्येक फोटोच्या आत तो कोणत्या कॅमेऱ्याने काढला ते लिहिलेलं असतं. हे मला माहीत आहे, मीच दयाला शिकवलं होतं. पाहायची कधी गरज वाटली नव्हती.

चंद्राकरांच्या सगाईचे दोनशे. एकशे एक्क्याऐंशी दयाच्या कॅमेऱ्याचे. म्हातारीचा तोही त्याचाच. माझ्या त्या क्षणाच्या फोटोत म्हातारीच्या मागचा पडदा स्वच्छ आहे, म्हातारी नाही.

दयाला फोन केला. म्हणालो, कोणता फोटो कोणाचा ते आज पाहिलं. त्याने ऐकून घेतलं.

"एक घौं बोले रहेंव भैया, आप तीन दिन नइ गोठियाएव. त सोचेंव, फोटो तो बचावंव." एकदा सांगून पाहिलं आणि मी तीन दिवस बोललो नाही, मग निदान फोटो तरी वाचवावेत, असा त्याचा विचार.

मी त्याला माणसांसमोर चोर म्हटलं होतं. माफी मागितली. "हव," म्हणाला. मग किल्ली घ्यायला कधी येऊ ते विचारलं, "किल्ली ले बर कब आवंव?"

५ जानेवारी

चंद्राकरांची आई सत्तावीस तारखेला गेली. आज दशगात्र, दहाव्या दिवसाचे विधी. उजव्या डोळ्यामुळे गाडी चालवायची नाही, म्हणून दयाने नेलं. तो बाहेरच थांबला. "आप जाओ भैया, पार्टी आपकी है."

बैठकीत तोच फोटो. हार घातलेला, समोर दिवा, तीन दात आणि मिटलेले डोळे. येणारा प्रत्येक जण आधी रडवेला आणि मग फोटो पाहून नकळत हसणारा. कोपऱ्यात माझं नाव.

चंद्राकरांनी माझा हात धरून सगळ्यांना ओळख करून दिली. "यही हैं. इनकी आँख को मानना पड़ेगा. दाई की इससे अच्छी फोटो पूरी जिंदगी में नहीं निकली."

सुतकाच्या घरात कशाला, असं मनात आलं. नंतर सांगता येईल, फोनवर सांगता येईल. पण हे "नंतर" मला चांगलं ओळखीचं झालंय. फेब्रुवारीत याच घरात लग्न आहे आणि हा माणूस त्या डोळ्याच्या भरवशावर बसलाय.

"भैया, ये फोटो मेरी नहीं है," मी म्हणालो. "दयाराम ने ली है. मेरी दाहिनी आँख खराब हो गई है. इलाज चल रहा है, पर पहले जैसी नहीं होगी."

चंद्राकरांनी माझा हात सोडला नाही, पण पकड सैल झाली ते कळलं. फोटोकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या नावाकडे पाहिलं. रागावले असते तर मी ऐकून घेतलं असतं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तो फिर... दयारामजी का नंबर दे दीजिए."

अठरा वर्षांत मी एकाही पार्टीला त्याचा नंबर दिला नव्हता. पार्टीशी बोलणं माझं, हा नियम मीच केलेला. नंबर पाठही नव्हता. मोबाइल काढला, उजवा डोळा मिटला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. शेवटचे दोन आकडे चुकले, म्हणून ते परत सांगावे लागले.

बाहेर दया गाडी सुरू करून उभा होता.

"का कहिस?"

"तुझा नंबर मागितला."

"अऊ?"

"दे दिया."

मी मागे बसलो. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने मान थोडी वळवली.

"फरवरी म आप आहू न भैया? लाइट कोन धरही?"

अठरा वर्षांपूर्वी पहिल्या लग्नात मी त्याला लाइट धरायला ठेवलं होतं, हे त्याच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे. टोमणा नव्हता, खरंच विचारत होता.

"मी धरतो," म्हणालो.